मराठी जिभेला तजवीद कशी बसवावी: फ़ातिहापासून टप्प्याटप्प्याने

खानदेशात मराठी शाळेत शिकलेली आपली माणसं कुरआन पढताना ज्या चुका करतात, त्या बहुतेक सारख्याच असतात. यावल-रावेरकडचा तडवी तरुण असो, भुसावळची गृहिणी असो की धुळ्यात यंत्रमागावर काम करणारे चाचा असोत, फ़ातिहातल्या, म्हणजे कुरआनाच्या पहिल्या अध्यायातल्या, "इय्याक"चा शेवट गिळला जातो, "मालिकि"ची "मालिकी" होते आणि क़ाफचा साधा काफ होतो. ही बेफिकिरी नाही. मराठी बोलताना जीभ जे नियम आपोआप पाळते, तेच ती अरबीवरही लावते. चूक कुठून येते हे समजलं की ती पकडता येते.

हा लेख मोठ्या वयात तजवीद, म्हणजे कुरआन शुद्ध उच्चाराने पढण्याचे नियम, शिकणाऱ्यांसाठी आहे, तसाच मुलांचा सबक (रोजचा धडा) घरी ऐकणाऱ्या आईवडिलांसाठीही. टप्प्यांचा क्रम मोडू नका. मख़रज (हरफ म्हणजे अक्षर निघण्याच्या जागा) पक्के नसताना मद (स्वर लांबवणं) आणि ग़ुन्ना (नाकातला सूर) शिकायला घेणं ही सर्वांत मोठी चूक आहे. आवाज गोड होतो, पण हरफ चुकीचेच राहतात आणि मग ते सुटत नाहीत.

## तयारी

उस्ताद आधी शोधा, पुस्तक नंतर. ऐकून दुरुस्त करणारा कान समोर हवाच. आपल्याकडे ही अडचण फारशी नाही. अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमसारख्या संस्था खानदेशातच आहेत आणि लहान गावांतल्या मशिदींतही हाफिज़, म्हणजे कुरआन पाठ असलेले, असतात. मात्र वर्गाला बसण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: "हाफिज़साहेब, आम्हाला तजवीदने, एकेक हरफ तपासून शिकवाल का?" हिफ्ज़ (पाठांतर) उत्तम असलेला प्रत्येक जण मोठ्या माणसाची जीभ सुधारण्याइतका वेळ देऊ शकेलच असं नाही. बायकांसाठी मोहल्ल्यात शिकवणाऱ्या आपा असतात, त्यांनाही हेच विचारा.

एक क़ायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, आणि एकच मुसहफ, म्हणजे कुरआनाची प्रत, ठेवा. मकतबांत चालतो तो नूरानी क़ायदा पुरेसा आहे. मुसहफ भारतीय छपाईचा घ्या, म्हणजे खडा ज़बर, खडी ज़ेर, उलटा पेश या स्वरांच्या खुणा क़ायद्यात शिकता तशाच दिसतील. मदीना छपाईच्या मुसहफात सुकून (हरफाला स्वर नसल्याची खूण) आणि मदच्या खुणा थोड्या वेगळ्या असतात. नवशिक्याने दोन्ही एकदम वापरले की गोंधळ होतो.

ऐकण्यासाठी मोबाइलवर संथ तिलावत ठेवा. महमूद ख़लील अल-हुसरी यांचं पठण शिकणाऱ्यासाठी फार चांगलं, कारण प्रत्येक हरफ सुटा ऐकू येतो. ध्वनिफीत "हफ्स"च्या रिवायतीची (पठणपरंपरेची) आहे ना, हे आधी बघा, कारण भारतात तीच चालते. दुसऱ्या रिवायतीत "मालिकि"ऐवजी "मलिकि" ऐकू येईल. ते चुकीचं नाही, पण तुम्ही शिकताय ते वेगळं आहे.

तोंडाचीही तयारी लागते. कवळी असेल तर ती लावूनच बसा, कारण से, ज़ाल, ज़ोय आणि फ़े यांचा मख़रज पुढच्या दातांवर अवलंबून आहे. गालात तंबाखू किंवा सुपारी ठेवून सबक म्हणू नका. अदब तर राहत नाहीच, शिवाय ज़्वादसाठी जिभेची कड दाढेपर्यंत पोहोचत नाही.

इशारा: वय झालंय, लोक हसतील, म्हणून घरी एकट्याने शिकायचं ठरवू नका. अडखळत, कष्टाने पढणाऱ्याला दुहेरी सवाब (पुण्य) असल्याची हदीस बुख़ारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

## टप्पा 1: देवनागरीतली सूरत बाजूला ठेवा

बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. देवनागरीत छापलेल्या छोट्या पुस्तिकांवरून सूरती, म्हणजे कुरआनाचे अध्याय, पाठ केल्या जातात. देवनागरीत से, सीन आणि स्वाद या तिन्हींसाठी "स" येतो. ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय या चौघांसाठी "ज" किंवा "ज़" येतो. ऐन तर बहुधा गायबच असतो.

त्याहून मोठा धोका "अ"चा आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा "अ" आपण उच्चारत नाही. "घर" लिहितो आणि "घर्" म्हणतो. "इय्याक नअ्बुदु" देवनागरीत वाचलं की जीभ आपोआप "इय्याक्" म्हणते आणि काफवरचा ज़बर, म्हणजे "अ"ची खूण, नाहीसा होतो. "अन्अम्त अलैहिम"मधल्या "त"चंही तेच होतं. त्या "त"वर ज़बर आहे म्हणून अर्थ "तू कृपा केलीस" असा होतो. तिथे पेश, म्हणजे "उ"ची खूण, लावला तर "मी कृपा केली" होईल. अर्थ बदलणाऱ्या अशा चुकीला लहन-ए-जली म्हणतात आणि ती टाळणं पहिलं काम आहे. ग़ुन्ना कमी पडणं किंवा मद थोडी आखूड होणं ही लहन-ए-ख़फ़ी. तिच्याकडे नंतर बघू.

म्हणून आधी अरबी हरफ ओळखायला शिका. या लेखात मीही देवनागरी वापरतोय, पण ती फक्त कुठल्या शब्दाबद्दल बोलतोय हे कळावं म्हणून. तिच्यावरून पढू नका.

तपासा: क़ायद्याच्या पहिल्या पानावर बोट कुठेही ठेवलं तरी हरफाचं नाव न अडखळता सांगता येतंय का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: मख़रज, जोड्या-जोड्यांनी

मख़रज म्हणजे हरफ तोंडात किंवा घशात जिथून निघतो ती जागा. तजवीदचे मोठे जाणकार इमाम जज़री यांच्या मोजणीनुसार त्या 17 आहेत. त्या एका बैठकीत पाठ करण्यात अर्थ नाही. गोंधळ होणारे हरफ जोडीने घ्या आणि एक जोडी सुटी झाल्याशिवाय दुसरी घेऊ नका.

क़ाफ आणि काफ. मराठी "क" हा काफच्या जवळचा आहे. क़ाफसाठी जिभेचं मूळ आणखी मागे, पडजिभेजवळ वर लागतं. "क़ुल हुवल्लाहु"मध्ये क़ाफ आहे, अर्थ "सांग". साधा काफ म्हटला तर "कुल", म्हणजे "खा". ही सूरत जवळजवळ सगळ्यांना पाठ आहे आणि चूकही जवळजवळ सगळ्यांकडूनच होते.

ख़े आणि ग़ैन. मराठी "ख" आणि "ग" लांबवता येत नाहीत. उच्चारून बघा, हवा अडते आणि सुटते. ख़े आणि ग़ैन श्वास संपेपर्यंत लांबवता येतात, कारण घशाच्या वरच्या भागात हवा घासत राहते. हीच कसोटी फ़ेलाही लावा. दोन्ही ओठ मिटून "फ" काढाल तर तो मराठी. वरच्या दातांची धार खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टेकली की फ़े लांबवता येतो.

जीम आणि ज़े. मराठीत दोन "ज" आहेत, "जेवण"मधला आणि "जग"मधला. अरबी जीम "जेवण"मधल्यासारखा आहे, जिभेचा मधला भाग टाळूला लागतो. ज़े मात्र या दोघांपैकी कुठलाच नाही, आणि "जग"चा "ज" म्हणजेच ज़े असं समजणं ही खास आपली मराठी चूक आहे. "जग"मध्ये सुरुवातीला एक बारीक "द" दडलेला असतो. ज़ेमध्ये तो नाही, जीभ दातांना दाबून न धरता नुसता गुंजणारा आवाज येतो. रावेरकडच्या एका गावात इशाच्या नमाज़नंतर मोठ्यांचा वर्ग भरतो. केळीच्या गाड्या भरणारे एक चाचा "जन्नत" हा शब्द "जग"च्या "ज"ने पढत होते. हाफिज़साहेब म्हणाले, "चाचा, आधी 'जेवण' म्हणा." चाचांनी म्हटलं. "आता जीभ तिथेच ठेवून 'जन्नत' म्हणा." पहिल्याच खेपेला बरोबर आलं. मग ज़ेसाठी हाफिज़साहेबांनी त्यांना मधमाशीसारखा गुणगुणाट सलग काढायला लावला. त्याला वेळ लागला, पण आला.

से, सीन, स्वाद. सीन म्हणजे आपला "स". सेसाठी जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या धारेला लावून किंचित बाहेर दिसू द्या आणि हवा सोडा. त्याचा "थ" करू नका. स्वाद जाड असतो, जिभेचं मूळ वर उचललेलं. इथे हरफाचं नावच फसवतं. "स्वाद" म्हणता म्हणता लोक हरफातही "व" घुसवतात आणि "सिरात"ला ओठ गोल करून "स्विरॉत" म्हणतात. ओठ सपाट ठेवा, जाडी जिभेच्या मुळातून येऊ द्या.

ते आणि तोय. दोन्हींत जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मुळाशी लागतं, तोयमध्ये मागचा भागही वर जातो. तोयचा "ट" करू नका. अरबीत ट, ठ, ड, ढ, ण नाहीतच. "वत्तीनि"मधला हरफ ते आहे, अर्थ अंजीर. तोयने म्हटलं तर चिखल.

ऐन, हमज़ा, मोठी हे. ऐन घशाच्या मधल्या भागातून येतो, मराठीत त्याला जवळचं काहीच नाही. त्यामुळे "आलमीन"मधला ऐन आपण साध्या "आ"ने भरून काढतो. कुरआनात "अलीम" ऐनने आला तर "जाणणारा" आणि हमज़ाने आला तर "वेदना देणारा". शिकताना हनुवटीखाली हलकं बोट ठेवा. ऐन म्हणताना घसा आवळलेला जाणवेल. मोठी हे त्याच जागेवरची पण कुजबुजीची, काचेवर वाफ टाकताना येते तशी, फक्त अधिक आवळलेली. "अल्हम्दु"मध्ये हीच आहे.

ज़्वाद. यावर आपल्याकडे वाद घालणारे खूप. फ़ातिहाच्या शेवटी कुणी "वलद्दाल्लीन" पढतो, कुणी ज़ोयसारखं. दोन्ही ज़्वादचे मख़रज नाहीत. जिभेची एक कड वरच्या दाढांना लावून आवाज थोडा लांबवायचा, बहुतेकांना डावी कड सोपी जाते. नीट यायला महिने लागू शकतात. वाद न घालता उस्तादांकडून मश्क़ (सराव) करत राहा.

उरलेल्यांकडे भरभर बघू. वावसाठी ओठ गोल होतात, दात ओठाला लागत नाहीत. ज़ालसाठी जीभ सेसारखी, पण आवाज घुमणारा. लामला मराठी "ल" चालतो. घरात अहिराणी बोलणाऱ्यांना "ळ"चा "य" होण्याची सवय असते, त्याचा इथे अडसर नाही, अरबीत "ळ" नाही.

इशारा: जाड हरफ सात आहेत: ख़े, स्वाद, ज़्वाद, ग़ैन, तोय, क़ाफ, ज़ोय. जोश येतो तेव्हा लोक सगळेच हरफ जाड करतात. बारीक हरफ बारीकच राहू द्या.

तपासा: प्रत्येक जोडी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. दोनपैकी कुठला हरफ म्हटलाय हे स्वतःलाच ओळखता आलं नाही, तर ती जोडी अजून कच्ची आहे.

## टप्पा 3: हरकती आणि मद

ज़बर (अ), ज़ेर (इ), पेश (उ) या तिन्ही हरकती, म्हणजे स्वरखुणा, आखूड असतात. मराठीत शब्दाच्या शेवटी आलेले "इ" आणि "उ" आपण लांबवतोच. "रवि" लिहिलं तरी "रवी" म्हणतो. त्यामुळे "मालिकि यौमिद्दीन"चं "मालिकी", "लिल्लाहि"चं "लिल्लाही" आणि "नअ्बुदु"चं "नाबुदू" होतं. जिथे ये किंवा वाव नाही, तिथे आपण ते भरतो. फ़ातिहा संथ पढताना नेमक्या या तीन जागी थांबून कान द्या.

एका बाबतीत मराठी उपयोगाला येते. घरात उर्दू बोलणारे अनेकजण ज़ेरचा "ए" आणि पेशचा "ओ" करतात. त्याला मजहूल म्हणतात, आणि उस्ताद सारखे सांगत असतात, "मारूफ पढा." मराठी माणूस "इ" आणि "उ" स्वच्छ म्हणतो. "अलैहिम"मधला "ऐ"सुद्धा आपण "अइ" असा म्हणतो, तोच बरोबर आहे.

मद मोजायला बोट वापरा. मिटलेलं बोट मध्यम गतीने उघडायला लागतो तितका वेळ एक हरकत धरा. काही उस्ताद अलिफने मोजतात, एक अलिफ म्हणजे दोन हरकती. साधी मद दोन हरकतींची. "इज़ा जाअ"मधल्या "जा"ला, किंवा "इन्ना अअ्तैना"मधल्या "ना"ला चार किंवा पाच. "वलज़्ज़ाल्लीन"मधल्या "ज़ा"ला सहा. आयतीच्या, म्हणजे कुरआनातल्या वाक्याच्या, शेवटी थांबताना येणारी मद दोन, चार किंवा सहा चालते, पण एका बैठकीत जी निवडाल तीच सगळीकडे ठेवा.

इशारा: मदमध्ये आवाज थरथरवू नका, वरखाली नेऊ नका. लांबवताना तो सरळ राहिला पाहिजे.

## टप्पा 4: हिज्जे, तशदीद, क़लक़ला

पाठ झालेली सूरत असली तरी ती हिज्जे करून पुन्हा शिका: अलिफ लाम ज़बर अल्, हे मीम ज़बर हम्, अल्हम्, दाल पेश दु, अल्हम्दु. मोठ्यांना हे पोरकट वाटतं आणि ते थेट रवाँ (सलग) पढायला लागतात. जुनी चूक जिभेला पाठ असते, तिला तोडायचं तर शब्द सुटा करून परत जोडावाच लागतो.

तशदीद, म्हणजे हरफ दुहेरी करणारी खूण, असलेल्या हरफावर किंचित दाब देऊन थांबा. "इय्याक"मधली तशदीद सोडली तर अर्थ बदलतो, म्हणून ही चूक जली आहे.

सुकून असलेला "ह" हा आपला दुबळा भाग. ब्राह्मणाचा "ब्राम्हण" करणारी जीभ "इह्दिना"तला "ह"सुद्धा पुढे ढकलते, "इद्हिना" करते, नाहीतर मध्ये स्वर घालून "इहिदिना" म्हणते. "इह्" म्हणा, श्वास ऐकू येऊ द्या, मग "दिना".

क़लक़ला पाच हरफांना होतो: क़ाफ, तोय, बे, जीम, दाल, जेव्हा त्यांच्यावर सुकून असतो. हरफ थोडा उसळतो, पण त्याला स्वर लागत नाही. सूरह इख़लासमध्ये "अहद", "समद", "यूलद" यांच्या शेवटी "अहदा", "समदा" ऐकू आलं तर क़लक़ला जास्त झालाय.

तपासा: फ़ातिहा आधी हिज्जेने, लगेच रवाँ पढा. दोन्ही वेळचे उच्चार वेगळे ऐकू येत असतील तर हिज्जेचेच बरोबर धरा.

## टप्पा 5: नून-साकिन, तनवीन, ग़ुन्ना

नून-साकिन म्हणजे सुकून असलेला नून, आणि तनवीन म्हणजे शब्दाच्या शेवटी दोन ज़बर, दोन ज़ेर किंवा दोन पेश, ज्यांत नूनचाच आवाज येतो. नियम चार आहेत आणि क़ायद्यात उदाहरणांसह मिळतील, म्हणून इथे मराठीमुळे अडतं तेवढंच सांगतो. नूननंतर घशाचे सहा हरफ आले तर नून स्वच्छ म्हणायचा. "अन्अम्त"मध्ये नाकात घोळवू नका. बे आला तर नूनचा मीम होतो. हे आपल्याला सोपं आहे, "पंप" म्हणताना अनुस्वाराचा "म" करतोच. लाम आणि रे आले तर नून पूर्ण विरघळतो, ग़ुन्ना अजिबात नाही.

घोटाळा इख़फ़ात, म्हणजे नून नाकात दडवून म्हणताना, होतो. मराठीत "संशय", "वंश" म्हणताना "स" किंवा "श"च्या आधीच्या अनुस्वारात "व"चा सूर येतो, आपण "सौंशय", "वौंश" असं काहीसं म्हणतो. तीच सवय सूरह अस्रच्या "इन्सान"मध्ये जाते आणि "इव्ंसान" होतं. ओठ हलू देऊ नका. आवाज नाकात दोन हरकती धरा, जीभ सीनच्या जागेकडे नेऊन ठेवा, टाळूला टेकवू नका.

मीम किंवा नूनवर तशदीद असेल तिथे, म्हणजे "इन्न", "सुम्म" अशा ठिकाणी, दोन हरकतींचा ग़ुन्ना पक्का.

## टप्पा 6: थांबायचं कुठे आणि कसं

श्वास संपला की थांबायचं, हे वाईट. आयत पाहून श्वास आधीच घ्या. भारतीय मुसहफात मीमची छोटी खूण असेल तिथे थांबा. तोयच्या खुणेवर थांबणं चांगलं. जीमवर थांबणं, न थांबणं दोन्ही चालतं. "ला" दिसला आणि तिथे आयत संपत नसेल, तर थांबू नका. मध्येच श्वास तुटलाच तर एक-दोन शब्द मागे जाऊन जोडून घ्या.

थांबताना शेवटच्या हरफाची हरकत जाते. दोन ज़बर असतील तर अलिफ होतो, म्हणून सूरह नस्रचा शेवट "तव्वाबा". गोल ते असेल तर "ह" होतो, जसं "लुमज़ह".

दोन सुकून एकत्र येतात तिथे मराठी माणूस हमखास अडतो. "अस्र", "ख़ुस्र", "सब्र", "फ़त्ह". आपण एकतर मध्ये स्वर घालून "असर", "सबर" म्हणतो, नाहीतर "मित्र", "पत्र"सारखा शेवटी "अ" लावतो. दोन्ही नकोत. "अस्" म्हणा आणि जीभ रेच्या जागी नेऊन सोडून द्या. रे हलका ऐकू आला पाहिजे, त्याच्यामागे काही नाही.

इशारा: रमज़ानमधल्या तरावीहच्या नमाज़ातल्या वेगाची नक्कल करू नका. शिकताना गती हुसरींच्या फितीइतकीच ठेवा. घाईत वर सांगितलेली प्रत्येक चूक परत येते.

## टप्पा 7: सुनावणी आणि रोजचा क्रम

पहिली सूरत फ़ातिहाच घ्या, कारण नमाज़च्या प्रत्येक रकातीत ती लागते. त्यानंतर अस्र. ती तीन आयतींची आहे, पण तिच्यात ऐन, स्वाद, ख़े, क़ाफ, इख़फ़ा आणि दोन सुकूनांचा वक़्फ़ (थांबणं) हे सगळं येतं. मग शेवटच्या सूरतीपासून, म्हणजे नासपासून, मागे मागे सरका.

दिवसातून अर्धा तास पुरे, पण रोज. शेतात किंवा कंपनीत पाळी असेल तर फज्रच्या (पहाटेच्या) नमाज़नंतरची वेळ धरा, उन्हाळ्यात तर तीच बरी. पहिला भाग आमोख़्त्याला, म्हणजे आधी झालेलं परत म्हणायला. मग आजचा सबक, दोन ओळींहून जास्त नाही. शेवटी तोच भाग मुसहफात पाहत फितीवरून ऐका आणि तिच्यामागोमाग हळू म्हणा.

उस्तादांना ऐकवताना मुसहफ बंद करू नका. पाहून पढा, बोट शब्दाखाली ठेवा. ते अडवतील तिथे पेन्सिलीने छोटी खूण करा आणि घरी त्याच शब्दावर मश्क़ करा, पूर्ण आयतीवर नाही. आधी चुकीच्या उच्चाराने पढलेल्या नमाज़ांचं काय, हा प्रश्न मनात येतोच. त्याचं उत्तर मित्रांकडून किंवा व्हॉट्सॲपवरून घेऊ नका, मुफ्तीसाहेबांना समोर बसून विचारा.

नवी सूरत केव्हा घ्यायची? आधीची सलग तीन सुनावण्यांत एकही जली चूक न होता म्हणता आली की. ख़फ़ी चुका राहिल्या असतील तर सूरत पुढे न्या, पण पेन्सिलीच्या खुणा पुसू नका. ते शब्द पुढच्या आठवड्याच्या आमोख़्त्यात सगळ्यांत आधी घ्या.